फुकटचं नाव

मामाँ मफूटा श्रीमंत झाली ती एका रविवारी, दुपारी तीनच्या सुमाराला. तिला स्वतःला ते मंगळवारी कळलं.

मी सोलाँज, शिंपीण. किन्शासात बंडाल भागात तिच्या खोलीला लागून माझी खोली. मधली भिंत इतकी पातळ की तिकडे ती शिंकली की इकडे माझ्या सुईतला दोरा निघायचा. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही. आणि जिथे माझं चुकलं तेही मीच सांगणार आहे, नाहीतर उद्या आवारातली दुसरी कुणीतरी मीठमसाला लावून सांगेल.

गोष्ट खरी तिच्या मुलाची, लुफुमाची. तिचा हा एकुलता एक. बाप कधीतरी बोटीने नदीवर वरच्या अंगाला गेला तो गेलाच. मामाँ मफूटा क्वांगा विकायची. कसाव्याचा कंद तीन दिवस पाण्यात भिजवायचा, कुटायचा, पानात बांधून उकडायचा. हात कायम आंबूस, कंबर कायम वाकलेली. लुफुमाला तिने चर्चच्या गायकांत घातलं होतं. आठवड्याभरात सिस्टर त्याला हाताला धरून परत घेऊन आली. म्हणाली, "मामाँ, देव बहिरा नाहीये हो."

मग टोपली डोक्यावर देऊन तिने त्याला गल्लीत सोडला. तिथे मात्र त्या आवाजाचं सोनं झालं. सकाळी सहाला सुरू व्हायचा: "मामाँ मफूटाचा क्वाँऽऽगा! मऊ क्वाँऽऽगा!" तीन गल्ल्या पलीकडची मेलेली माणसं उठून बसतील असा आवाज. आम्ही अंथरुणातून शिव्या द्यायचो आणि शिव्या देत देतच पैसे घेऊन दाराशी जायचो. नऊ वर्षांचा होता तेव्हापासून एकोणीस वर्षांचा होईपर्यंत एक दिवस खाडा नाही.

एकोणिसाव्या वर्षी ही आरोळी बोकुंगूच्या कानावर पडली. बोकुंगू म्हणजे ऑर्केस्ट्रा एंकाकेचा मालक आणि मुख्य गायक. आमच्याकडे ऑर्केस्ट्राच्या मालकाला प्रेसिडेंट म्हणतात. देशाचे प्रेसिडेंट बदलतात, ऑर्केस्ट्राचे बदलत नाहीत. त्याने गाडीची काच खाली केली, दोन क्वांगा घेतले, पैसे द्यायचे विसरला आणि पोराला मात्र घेऊन गेला.

लुफुमा अटलाकू झाला. आमच्या गाण्याचा पहिला भाग गायकाचा असतो. तो रडतो. बाई सोडून गेली, भाऊबंद उलटले, आता मी जगून काय करू. मग गिटार सुटते, लोक खुर्च्या सोडतात आणि एक माणूस ओरडायला लागतो: कंबर हलवा, हात वर, अमका आला, तमका आला. तो अटलाकू. गाणारा रडवतो, अटलाकू नाचवतो. पैसा मात्र रडवणाऱ्याकडे जातो. लुफुमाचं वाद्य म्हणजे डास मारायच्या औषधाचा रिकामा डबा, भोकं पाडून आत बिया भरलेला. चौदा वर्षं त्याने तो डबा हलवला. सगळं शहर त्याच्या आवाजावर नाचलं. कॅसेटवर सुटाबुटात फोटो बोकुंगूचा, आणि मागे बारीक अक्षरात गिटारवाल्याचं, ढोलवाल्याचं, अगदी बोकुंगूच्या न्हाव्याचंसुद्धा नाव. लुफुमाचं नाही. एकदा ऑर्केस्ट्रा पॅरिसला गेला. चाळीस वादक गेले. त्यांतल्या अकरा जणांना वाजवता येत होतं. बाकीचे एकोणतीस परत आले नाहीत, आणि लुफुमाची जागा त्या एकोणतिसांतल्या एकाला विकली होती.

आता मुद्द्याचं. गाण्यात जी नावं घेतात त्याला आम्ही दगड टाकणं म्हणतो. दगड फुकट पडत नाही. कस्टमचा साहेब असो, हिरेवाला असो, कर्नलची दुसरी बायको असो, नाव हवं तर आधी प्रेसिडेंटला भेटायचं. मग नाव कागदावर चढतं, कागद अटलाकूच्या हातात येतो. शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. बोकुंगूच्या सख्ख्या आईचं नाव एका गाण्यात आलं होतं, त्याचे पैसे त्याच्या धाकट्या भावाने भरले होते!

मामाँ मफूटा रस्त्याकडेला टोपली घेऊन बसायची, शेजारी रेडिओ. मुलाचा आवाज लागला की हातातलं काम थांबायचं. संध्याकाळी तो आला की सुरू.

"काय रे, आज कुणाकुणाची नावं घेतलीस?"

"कस्टमचे साहेब. आणि ते दोघे हिरेवाले भाऊ."

"त्यांनी दूध पाजलं होतं का तुला?"

"नाही गं. त्यांनी प्रेसिडेंटला गाडी दिली."

"मग मीपण देते काहीतरी. क्वांगा चालतो का विचार त्याला."

"मामाँ, तू माझी नोकरी घालवशील."

"जाऊ दे की. ये परत टोपली घेऊन. तू गेल्यापासून गिऱ्हाईक निम्मं झालंय."

भिंतीपलीकडे मी हसायचे. चौदा वर्षं हेच चाललं होतं. मग त्या वर्षी तिचे पाय सुजले, जिना चढताना धाप लागायला लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरने छातीला नळी लावली आणि मीठ खाऊ नका म्हणाला. आमच्याकडे डॉक्टरने मीठ बंद केलं की माणूस कफनाचं कापड बघून ठेवतो. तिनेही ठेवलं होतं. एका गाठोड्यात पुरण्याच्या पेटीचे पैसे बाजूला टाकत होती, दर शनिवारी थोडे थोडे. त्या संध्याकाळी ती थट्टेत बोलली नाही.

"लुफुमा, मी मेल्यावर घेशील तू माझं नाव. तेव्हा सगळेच घेतात. मला या दोन कानांनी ऐकायचंय रे. एकदा. मग नको."

भिंतीपलीकडे मी मशीन थांबवलं.

पुढच्याच महिन्यात नव्या गाण्याचं रेकॉर्डिंग होतं. कागदावर बावीस नावं. त्यांतल्या एका साहेबाला आदल्याच आठवड्यात पोलिसांनी उचललं, म्हणून त्याच्यावर काट मारली. पण गिटारवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो बाविसांच्या हिशेबाने वाजवत राहिला आणि एकवीस नावं संपली तरी गिटार चालूच. बोकुंगू फोन घ्यायला बाहेर गेलेला. लुफुमाचं तोंड उघडं होतं आणि समोर माइक होता.

"मामाँ मफूटा!" तो ओरडला. "मामाँ मफूटा, बंडालची आई!"

स्टुडिओचं भाडं तासावर असतं. पुन्हा वाजवतो कोण? बोकुंगूला वाटलं हे नाव मॅनेजरने आणलं, मॅनेजरला वाटलं प्रेसिडेंटने. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर पैशांची वाटणी करावी लागली असती.

रविवारी तीन वाजता रेडिओवर गाणं लागलं. मी मामाँच्या शेजारीच बसले होते. नाव आलं तशी ती उठून उभी राहिली, सुजलेल्या पायांवर. मग खाली बसली. पदर नाही आमच्यात, पण डोक्याचा रुमाल काढून तिने तोंडावर धरला. मला म्हणाली, "ऐकलंस ना गं? मला भास नाही ना झाला?" मी म्हटलं, "भास कसला, सगळ्या शहराने ऐकलं." खरंच सगळ्या शहराने ऐकलं होतं. तिथूनच घोळ झाला.

सोमवार शांत गेला. मंगळवारी सकाळी घरमालक आला, टोपी हातात घेऊन. गेल्या दहा वर्षांत मी त्याची टोपी डोक्यावरून खाली आलेली पाहिली नव्हती. "मामाँ, कळलं आम्हाला. आनंद आहे. खोलीचं भाडं मात्र पुढच्या महिन्यापासून..."

"काय कळलं?"

"राहू दे, राहू दे. मोठी माणसं बोलून दाखवत नाहीत."

बुधवारी मटाडीहून एक पुतण्या उगवला, सुटकेससकट. आयत्या बिळावर नागोबा! त्याला तिने शेवटचं पाहिलं तेव्हा तो रांगत होता. गुरुवारी पाद्रीबाबा. चर्चमध्ये तिची खुर्ची मागच्या रांगेतून पुढे आली, वर उशी आली, आणि रविवारी पाद्रीबाबांनी छताचे फुटलेले पत्रे दाखवत तिच्याकडे पाहून इतका वेळ प्रार्थना केली की शेवटी लोकही तिच्याकडेच पाहायला लागले.

"फुकट घेतलं हो माझं नाव!" ती सांगायची. "माझा मुलगा आहे तो. एक फ्रँक दिला नाही मी."

लोक हसायचे. फुकट! दगड आणि फुकट! श्रीमंत माणसं असंच बोलतात, हे सगळ्यांना पाठ होतं. आणि धंदा बसला. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "तिला काय कमी? आपण गरिबाकडून घेऊ." काही जणींनी आवाज आणखी खाली नेला: एवढा पैसा असून रस्त्यावर क्वांगा विकते म्हणजे त्या टोपलीत काहीतरी करणी असणार, आपल्या पोरांना नको ते. संध्याकाळी टोपली भरलेली घरी यायची.

आणि मी? मी तिच्यासाठी एक ब्लाउज शिवत होते, निळ्या कापडाचा, आधी ठरलेला. त्या आठवड्यात मी तिच्याकडे शिलाईचे जास्त पैसे मागितले. भिंतीपलीकडचं सगळं ऐकून, सगळं माहीत असूनही. मनात म्हटलं, कोण जाणे, असेलही काही पुरलेलं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. पैसे दिले. माझी मलाच लाज वाटते ती आजपर्यंत. पैसे परत केले नाहीत तेही सांगते.

होता होता बातमी बोकुंगूच्या कानी गेली: बंडालमध्ये एक मालदार विधवा आहे, तिचं नाव तुमच्या गाण्यात आहे, आणि तुम्ही तिला ओळखतसुद्धा नाही? मॅनेजरला विचारलं, त्याने हात वर केले. मग एकच उरला. ऑर्केस्ट्राची तालीम एका बारच्या अंगणात चालायची. मी स्टेजच्या कपड्यांची मापं घ्यायला गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर झालं.

"लुफुमा, पैसे कुठायत?"

"कसले, प्रेसिडेंट?"

"मामाँ मफूटाचे."

"ती माझी आई आहे, प्रेसिडेंट."

"असेल. आईकडून पैसे घेऊ नयेत असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

"तिच्याकडे काही नाही. क्वांगा विकते ती. मी असंच घेतलं तिचं नाव."

"असंच!" बोकुंगूने बाकीच्यांकडे पाहिलं. "ऐकलंत? चौदा वर्षं याला मी भाकरी दिली, आणि हा मला सांगतो, असंच. अरे, खोटं तरी जरा बरं बोल!"

वादकांना सात महिने पगार नव्हता. तो कुणी दिला नव्हता ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण चिडले ते लुफुमावर. बास गिटारवाला तर अंगावर धावून आला: "आमच्या पोरांच्या तोंडचा घास खाल्लास तू!" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. त्याचा डबा काढून घेतला. पैसे आणशील त्या दिवशी ये, म्हणून सांगितलं.

महिनाभर तो घरात बसला. एक दिवस आईची टोपली डोक्यावर घेऊन निघाला. मी कान लावून होते, पण आरोळी काही आली नाही. तेहेतीस वर्षांचा बाप्या, ज्या तोंडाने मंत्र्यांची नावं घेतली ते तोंड गल्लीत उघडेना. मुक्याने फिरून भरली टोपली घेऊन परत आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मामाँ रात्रंदिवस त्याच्याकडे बघत बसायची. पुतण्या तेवढा नीट जेवायचा.

मग एका सकाळी ती निळा ब्लाउज घालून माझ्या दारात. "चल. प्रेसिडेंटकडे जायचंय."

"खरं सांगणार त्याला?"

"खरं सांगून आजवर काय झालं गं?"

बसमध्ये तिच्या मांडीवर गाठोडं होतं. मी ओळखलं, पण मनाला पटेना. बारच्या अंगणात बोकुंगू तिला पाहून उठला, स्वतः खुर्ची दिली, बिअर मागवली. तिने बिअर बाजूला सारली.

"बाबा, माझ्या पोराचं काही चुकलं नाही. त्याने माझ्याकडे पैसे मागितले होते. मीच आज देते, उद्या देते करत राहिले. म्हातारं माणूस, हात आखडतो. चूक माझी."

आणि गाठोडं टेबलावर ठेवलं. पेटीचे पैसे, कापडाचे पैसे, सगळं.

"मामाँ, एवढी काय घाई होती," असं बोकुंगू म्हणत होता तेव्हा गाठोडं त्याच्या खिशात गेलेलंही होतं. मोजलं नाही हं त्याने. तेवढा सभ्य आहे तो. वर म्हणाला, "आता तुम्ही आमच्या घरच्या. या रविवारी दुपारी स्टेजवरून तुमचं नाव घेऊ. पहिल्या दहांत!"

बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. "अगं, अक्कल आहे का तुला? तुझ्या पुरण्याचे पैसे ते! त्या लुटारूच्या घशात घातलेस?"

"मला उघड्यावर टाकणार आहात का तुम्ही? पुरालच की. आवारात चौदा बायका आहेत." दोन पावलं चालून ती थांबली, धाप लागली होती. "त्याला गप्प बसलेलं बघवत नव्हतं गं."

रविवारी आम्ही पुढे बसलो. लुफुमाला मी आदल्या दिवशी सगळं सांगून टाकलं होतं. माझ्या पोटात राहत नाही. तो स्टेजवर आला, हातात डबा, दुसऱ्या हातात कागद. गाणाऱ्याने रडून घेतलं, गिटार सुटली. पाचवं नाव गाड्यांच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याचं, सहावं कर्नलच्या दुसऱ्या बायकोचं. सातवं, "मामाँ मफूटा, बंडालची आई!" त्याने ते कागदात बघून वाचलं. आवाज चोख होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या.

घरी जाताना म्हणाली, "छान झालं हं."

मी तिला हाताला धरून बसमध्ये चढवलं.

"पण ते पहिलं होतं ना, रेडिओवरचं," ती म्हणाली, "ते वेगळं होतं. हे म्हणजे त्या व्यापाऱ्यासारखंच वाटलं."

त्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं. तिने खरंच पैसे भरलेत हे शहराला कळलं, म्हणजे ती लबाड नव्हती. प्रेसिडेंटसमोर गाठोडं सोडलं हेही कळलं, म्हणजे आता तिच्याकडे काही उरलं नव्हतं. पुतण्या मटाडीला गेला. चर्चमधली खुर्ची मागे गेली, उशी पाद्रीबाबांनी काढून घेतली. बायका पुन्हा क्वांगा घ्यायला लागल्या.

पुढच्या कोरड्या ऋतूत, एका शनिवारी पहाटे ती झोपेतच गेली. ती म्हणाली होती तसंच झालं, चौदा बायकांनी मिळून पेटी केली. मी निळं कापड दिलं आणि त्यात माझी जुनी उधारी फिटली असं मनाला समजावलं. बोकुंगूने माणूस पाठवला: मामाँ आमच्या आश्रयदात्या होत्या, तेव्हा अंत्यविधीला ऑर्केस्ट्रा अर्ध्या दरात येईल. लुफुमा म्हणाला, "प्रेसिडेंटना सांगा, आमच्याकडे वाजंत्री नको."

ती गेली त्या सकाळी तिने आदल्या संध्याकाळी उकडलेला क्वांगा टोपलीत तसाच होता, पानांत बांधलेला. तयार माल पडून राहिलेला तिला कधी खपला नाही. लुफुमाने टोपली उचलली, डोक्यावर ठेवली आणि फाटकाबाहेर गेला. मी दारात उभी होते. आणि मग:

"मामाँ मफूटाचा क्वाँऽऽगा! मऊ क्वाँऽऽगा!"

तोच आवाज. तीन गल्ल्या हलल्या. माणसं तोंड न धुता बाहेर आली, कुणी रडत, कुणी सुटे पैसे शोधत. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दहा वर्षं, रोज सकाळी, या पोराने हेच नाव घेतलं होतं. एवढ्यांदा या शहरात कुणा मंत्र्याचं नाव घेतलं गेलं नाही. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं, तिनेही ऐकलं. कुणी पैसे भरले नव्हते, म्हणून आम्ही ते धरलंच नाही.

तो माझ्या दाराशी आला. डोळे लाल, पण आवाज कुठे फुटला नव्हता. मी दोन क्वांगा घेतले आणि पैसे पुढे केले. त्याने ते घेतले, बरोबर केलं. एक मी तिथेच उभ्या उभ्या सोडून खाल्ला. आंबट होता, नेहमीसारखा.